पिल्लू निघाले नाही, तर तोटा कोणाचा?

कापडाच्या व्यापाऱ्याने बदकाच्या अंड्यांवर लिहावे, हे पाहून आमचे काही व्यापारी बंधू हसतील. हसू द्या. ताग्याच्या भावावर आणि सुताच्या तेजी-मंदीवर या पानावर पुष्कळ लिहून झाले आहे. आज ज्या गोष्टीबद्दल लिहायला बसलो आहोत ती दिसायला छोटी आहे, पण तिच्या पोटात व्यापाराचा एक मोठा मसला दडलेला आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती.

गोष्ट मालेगावची आहे. ज्या कारखान्यातून आम्ही ग्रे कापड उचलतो, तिथल्या एका कारागिराच्या घरी गेल्या वर्षी एक माणूस आला. त्याने अंडी उबवण्याची पेटी दिली, बदकाची ६० अंडी दिली आणि सांगितले की अठ्ठावीस दिवसांत पिल्ले निघतील, एकूण एक पिल्लू आम्हीच ठरल्या भावाने परत घेऊ. लूम आठवड्यात चार दिवस चालत होते, घरात कांडी भरण्याचे कामही कमी झाले होते. कारागिराच्या बायकोने भिशीतून बारा हजार उचलले आणि त्या माणसाच्या हातावर ठेवले. अठ्ठावीस दिवस त्या बाईने पेटीची राखण केली. पिल्ले निघाली नऊ. तो माणूस परत आला नाही, फोनही उचलला नाही.

आम्ही कापडाच्या कामासाठी गेलो तेव्हा ही हकिकत कळली. ती बाई पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "चाचा, कोणाला दोष देऊ? आमच्याच हाताला बरकत नाही."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. पैसे गेले ते गेले, पण दोषही तिने स्वतःच्या पदरात बांधून घेतला होता. गरिबाच्या बाबतीत नेहमी असेच होते. माल देणारा नफा घेऊन जातो आणि तोटा नशिबाच्या खात्यावर लिहिला जातो. आम्ही त्या बाईला म्हटले, "बेटी, न फुटलेली अंडी फेकली तर नाहीस?" ती म्हणाली, "नाही, टोपलीत आहेत."

अंड्यांचा पंचनामा

कापडात खोट निघाली तर आम्ही काय करतो? ताणा खराब की बाणा, सायझिंगमध्ये चूक की लूमवर, हे आधी शोधतो आणि मग कटौती कोणाच्या बिलात लावायची ते ठरवतो. अंड्यांचेही तसेच करता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या एका जाणत्या डॉक्टर साहेबांना आम्ही विचारले आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे अंगणात नाकाला रुमाल बांधून एकावन्न अंडी एकेक करून फोडली.

३१ अंड्यांत पिवळा बलक जसाच्या तसा होता, रक्ताचा थेंबसुद्धा नाही. म्हणजे ती अंडी फळलेलीच नव्हती. नराशिवाय ठेवलेल्या माद्यांची असतील किंवा बाजारात खाण्यासाठी आलेली असतील. अशा अंड्याला अठ्ठावीस दिवस काय, अठ्ठावीस महिने ऊब दिली तरी त्यातून पिल्लू निघणार नाही. ८ अंड्यांत रक्ताचे लाल कडे होते. म्हणजे जीव धरला, पण पहिल्या काही दिवसांतच गेला. अंडी शिळी असली, वाटेत तापली किंवा सुरुवातीला पेटीची उष्णता कमी-जास्त झाली, तर असे होते. उरलेल्या १२ अंड्यांत पूर्ण वाढलेले पिल्लू आतच मेलेले होते. हा दोष शेवटच्या दिवसांतल्या हवेचा, दमटपणाचा किंवा उष्णतेचा.

आता हिशेब करा. ५१ पैकी ३१ अंड्यांचा तोटा निव्वळ माल देणाऱ्याचा. ८ अंड्यांचा तोटा देणारा आणि उबवणारा या दोघांत वादाचा. फार तर १२ अंड्यांबद्दल त्या बाईच्या पद्धतीकडे बोट दाखवता येईल, आणि ती पद्धतही तिला कोणी धड शिकवली नव्हती. पण पैसे मात्र साठही अंड्यांचे, आणि तेही आगाऊ, तिच्याकडूनच गेले होते. आम्ही तिला हा हिशेब समजावला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आमचा हात वाईट नव्हता." त्याच दिवशी आम्ही ठरवले की हे काम नीट शिकायचे आणि त्यावर लिहायचे.

अंड्याला काय लागते

बदकाचे अंडे अठ्ठावीस दिवसांत फुटते. मस्कोव्ही जातीला मात्र सुमारे पस्तीस दिवस लागतात. कोंबडीच्या अंड्याला एकवीस. म्हणून ज्याने कोंबडीची पिल्ले काढली आहेत, त्यानेही बदकाचे काम नव्याने शिकावे.

अंडे निवडताना ६५ ते ७५ ग्रॅमचे, स्वच्छ, तडा नसलेले, सात दिवसांच्या आतले घ्यावे. धुऊ नये, फ्रिजमध्ये ठेवू नये. ज्या कळपातून अंडी घ्यायची, तिथे सहा ते आठ माद्यांमागे एक नर आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. प्रवासातून आलेली अंडी एक रात्र टोकदार बाजू खाली करून शांत ठेवावीत आणि मगच पेटीत लावावीत.

पेटीत पंखा असेल तर उष्णता ३७.५ अंश, म्हणजे तापमापकावर ९९.५ फॅरनहाइट ठेवावी. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीवर मोजून साधारण एक अंश सेल्सिअस जास्त. एका तापमापकावर विश्वास ठेवू नये, दोन ठेवावेत. उष्णता काही तास कमी झाली तर अंडे बहुधा सोसते, पण जास्त झाली तर लवकर मरते. म्हणूनच आमच्या खानदेशाकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, हे काम करू नये. थंडीचे महिने चांगले.

आता नमी. पहिले पंचवीस दिवस पेटीतली आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास असावी आणि शेवटच्या तीन दिवसांत ७० ते ७५. ही गोष्ट विणकर माणसाला वेगळी शिकवायला नको. कोरड्या हवेत ताण्याचे तार तुटतात म्हणून कारखान्यात फरशीवर पाणी मारणारे आपण लोक. फरक एवढाच की अंड्याच्या बाबतीत जास्त पाणीही तितकेच वाईट. अंड्यातले पाणी हळूहळू उडावे लागते, म्हणजे रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते आणि शेवटी पिल्लू त्याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते. पाणी उडालेच नाही तर पिल्लू आतल्या आत गुदमरते. मसाल्याच्या वजनकाट्यावर अंडे तोलून पाहावे. ७० ग्रॅमचे अंडे पंचविसाव्या दिवशी साठ-एकसष्ट ग्रॅमवर आलेले असेल, तर समजा की नमी बरोबर आहे.

तिसरी गोष्ट, अंडी फिरवणे. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, पेन्सिलीने खूण करावी आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावे. संख्या विषम ठेवण्याचे कारण असे की लांब रात्र दररोज एकाच बाजूवर जात नाही. आमच्या कारागिरांच्या घरात वेळेचे घड्याळ आधीच आहे. फजरनंतर एकदा, जोहरनंतर एकदा, इशानंतर एकदा. लूमला जुम्म्याची सुट्टी असते, अंड्याला नसते, एवढे लक्षात ठेवावे. पंचविसाव्या दिवसानंतर मात्र फिरवणे बंद.

चौथी गोष्ट बदकाचीच खास आहे. साधारण आठव्या दिवसापासून चोविसाव्या दिवसापर्यंत रोज एकदा अंडी दहा-पंधरा मिनिटे उघडी ठेवून थंड करावीत आणि कोमट पाणी बारीक फवारावे. अल्लाहने बदकाच्या मादीला हेच शिकवले आहे. ती घरट्यातून उठते, पाण्यात जाते आणि ओल्या पिसांनी परत येऊन बसते.

आणि उजेडावर तपासणी. कापड तपासणारा माणूस तागा उजेडासमोर धरतो आणि जाळी, गाठ, तुटका तार लगेच ओळखतो. अंड्याचेही तेच. अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर पुठ्ठ्याचे भोक ठेवून सातव्या दिवशी अंडे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे जिवंत. नितळ पिवळे दिसले तर ते बाजूला काढावे. पुन्हा चौदाव्या आणि पंचविसाव्या दिवशी पाहावे. मेलेले अंडे पेटीत राहिले तर सडून फुटते आणि बाकीचीही घालवते.

पिल्लाने कवचाला पहिली चीर पाडल्यावर बाहेर यायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागू शकतात. या काळात घरातली मुले आणि मोठेही अधीर होतात, पेटी उघडतात, कवच सोलू लागतात. हे करू नये. झाकण उघडले की नमी निघून जाते आणि आतला पडदा पिल्लाला चिकटतो. बाहेर आलेले पिल्लू एक दिवस काही न खाता राहू शकते, कारण बलकाचा साठा त्याच्या पोटात असतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३२ अंशांची ऊब द्यावी आणि नंतर दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करावी. पाण्याचे भांडे चोच बुडेल एवढेच खोल असावे. आईच्या अंगाचे तेल नसल्याने पेटीतली पिल्ले पोहायला सोडली तर गारठून मरतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घालू नये, पाय फाकतात, तरट घालावे. आमच्या गावासाठी एक खास सूचना. कारखान्यातली चिंधी आणि सुताचा कचरा पिल्लांखाली अजिबात घालू नका, धागा पायाला आवळतो आणि पोटातही जातो. खाद्य बुरशीचे नको, कारण शेंगदाण्याच्या पेंडीत आणि मक्यात बुरशीचे जे विष होते, ते बदकाला कोंबडीपेक्षा फार लवकर मारते. बदकाच्या पिल्लाला नायासिन हे जीवनसत्त्वही कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागते. ते कमी पडले की पाय वाकडे होतात. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर ठेवणार असाल तर डॉक्टरांना विचारून ते पाण्यातून द्यावे.

यंत्राशिवायही होते

पेटी विकणारे सांगतात की त्यांच्या यंत्राशिवाय हे काम होणार नाही. हे खरे नाही. घरची खुडूक कोंबडी दहाएक बदकाची अंडी सहज उबवते. अंडे मोठे असल्याने तिला ते नीट फिरवता येत नाही, म्हणून आपण हाताने फिरवावे आणि कोमट पाणी शिंपडावे, कारण कोंबडी पाण्यात जात नाही. एवढेच. वीज नाही, थर्मोस्टॅट नाही.

बांगलादेशातल्या हाओर भागात, जिथे पावसाळ्यात शेते तळी होतात, तिथे खेड्यापाड्यांतून भाताच्या तुसावर बदकाची अंडी उबवतात. अंडी आधी उन्हात कोमट करतात, कापडाच्या पोटल्यांत बांधतात, बांबूच्या उभ्या टोपल्यांत एकावर एक रचतात आणि भोवती तूस भरतात. दोनेक आठवड्यांनी अंड्यातल्या जिवाचीच ऊब इतकी होते की ती बिछान्यावर पसरून वर गोधड्या घातल्या की पुरते. उष्णता कशी मोजतात? अंडे डोळ्याच्या पापणीला लावून. अनेक देशांतले जुने उबवणारे हेच करत आले आहेत. कापडाची पोटली, गोधडी आणि पापणी, एवढ्या भांडवलावर तिथली घरे चालली आहेत. हे ऐकून आम्हा कापडवाल्यांना जरा अभिमानही वाटला.

आणखी एक गंमत. जास्त अंडी देणारी बदकाची जात म्हणजे खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमध्ये कॅम्पबेल नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात तयार केली आणि पिसांचा रंग फौजी कपड्यासारखा म्हणून तिला खाकी म्हटले. तो रंग आणि तो लफ्ज आपल्याकडचा, खाक म्हणजे माती. चांगल्या देखभालीत ही बदके वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देतात, पण स्वतः अंड्यांवर बसत नाहीत. म्हणून या जातीला माणसाचा हात किंवा परकी कोंबडी लागतेच. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे केंद्र सरकारचे जे कुक्कुट विकास केंद्र आहे, तिथे बदकांवर बरेच काम झाले आहे. चौकशी करायची असेल त्यांनी तिथे करावी, दारावर आलेल्या माणसाकडे नव्हे.

आमचा हिशेब, जसा आहे तसा

त्या बाईबरोबर आम्ही मुजारबतीवर काम केले. भांडवल आमचे, मेहनत तिची, नफा निम्मा-निम्मा, आणि तोटा झाला तर पैसा आमचा जाईल, तिची मेहनत जाईल. शरीअतमध्ये मुजारबतीचा हाच कायदा आहे. मेहनत करणाऱ्याची हयगय नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याने सोसायचा. प्रत्येक खेप वेगळा करार धरला, म्हणजे आधीचा तोटा तिच्या पुढच्या नफ्यातून कापायचा नाही.

गिरणेकाठच्या एका शेतकऱ्याकडून २५ रुपयांप्रमाणे दर खेपेला ३० अंडी घेतली. वीज आणि खाद्य धरून खेपेला ३०० रुपये खर्च आला. पहिल्या खेपेत ८ अंडी नितळ निघाली. एकोणिसाव्या दिवशी पाच तास वीज गेली, आम्ही घाबरून पेटी गोधडीने गच्च बांधली, तर आत हवाच राहिली नाही. पिल्ले निघाली ६, त्यातले एक मेले. तोटा ६५० रुपये. दुसऱ्या खेपेत ५ नितळ. पाणी जास्त ठेवल्याने पुष्कळ पिल्ले आत गुदमरली, १३ निघाली, ११ जगली. तोटा १७० रुपये. तिसऱ्या खेपेत ४ नितळ. वीज गेली तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि हवेची भोके उघडी ठेवली. २६ फळलेल्या अंड्यांतून १९ पिल्ले निघाली, १८ जगली. आठवडाभर सांभाळून ८० रुपयांप्रमाणे विकली. नफा ३९० रुपये, म्हणजे त्या बाईच्या हातात १९५ रुपये पडले.

तीन खेपांचा हिशेब एकत्र केला तर ४३० रुपयांचा तोटा आहे, आणि पेटीचा खर्च वेगळा. हे आम्ही लपवत नाही. जो कोणी म्हणेल की या धंद्यात महिन्याला हजारो रुपये घरबसल्या मिळतात, त्याला आमची ही वही दाखवा. लूम सोडून या कामाला लागू नका. पण हेही खरे की तीस अंड्यांना जितक्या वेळा उठावे लागते, शंभर अंड्यांनाही जवळजवळ तितक्याच वेळा उठावे लागते. हात बसल्यावर काम वाढवता येते. ती बाई आता चौथी खेप लावते आहे आणि यावेळी तिने स्वतःहून नितळ अंड्यांची वेगळी नोंद ठेवली आहे.

गिऱ्हाईक आधी, अंडी नंतर

आमच्या भागात बदकाचे अंडे खाण्याची सवय थोडी. बंगाल, आसाम आणि केरळात ती घरोघरी आहे. म्हणून पिल्ले कोण घेणार हे आधी ठरवावे. तळे, शेततळे किंवा नदीकाठ असलेला शेतकरी हा खरा गिऱ्हाईक. मोहल्ल्यातल्या दाट वस्तीत बदके पाळू नयेत. घाण, पाणी आणि आवाज यांनी शेजाऱ्याचा हक्क मारला जातो, आणि शेजाऱ्याच्या हक्काची ताकीद आपल्याला ठाऊक आहे. उबवण्याची पेटी दोन फुटांत मावते, ती घरात चालते. पिल्ले आठवड्याची झाली की मोकळ्या जागेवाल्याकडे गेली पाहिजेत.

बर्ड फ्लूचे भानही हवे. २००६ साली देशातला पहिला मोठा उद्रेक आपल्या शेजारच्या नवापुरातच झाला आणि २०२१ मध्ये तिथे तो पुन्हा आला. बदक आजारी न दिसताही हा विषाणू बाळगू शकते. अनोळखी ठिकाणची पक्षी-अंडी घेऊ नका, बदके आणि कोंबड्या एकत्र ठेवू नका, हात साबणाने धुवा, एकदम मर झाली तर सरकारी दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.

आता मूळ मसल्याकडे येतो. "तुम्ही वाढवा, आम्ही परत घेऊ" हा व्यवहार नवा नाही. २०१२ मध्ये तामिळनाडूत इरोडच्या भागात ईमू पक्ष्यांच्या नावावर हेच झाले. २०१९ मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांच्या नावावर हेच झाले, शेतकऱ्यांच्या घरी पक्षी राहिले आणि घेणारे गायब. पक्षी बदलतो, व्यवहार तोच. पैसा आगाऊ घ्यायचा, माल महाग द्यायचा आणि परतीचे वचन कागदावर ठेवायचे. या व्यवहारात पक्षी विकला जात नाही, आशा विकली जाते.

प्रेषित (स.) यांनी धोक्याच्या, म्हणजे ज्यात काय मिळणार हेच माहीत नाही अशा सौद्याला मनाई केली आहे. जनावराच्या पोटातल्या, अजून न जन्मलेल्या जिवाच्या सौद्यालाही मनाई आहे. अंड्यातल्या पिल्लाचे पैसे आधी घेणे हे त्याच्या किती जवळ जाते, हे आम्ही मुफ्ती नसल्याने सांगत नाही. आपल्या उलेमांना विचारावे. पण व्यापारी म्हणून आमचे मत पक्के आहे. अंडे अंडे म्हणून विका, पिल्लू निघाल्यावर पिल्लू म्हणून विका. मधल्या अठ्ठावीस दिवसांचे पैसे कोणाकडून घेऊ नका आणि कोणाला देऊ नका.

याच न्यायाने आपल्यालाही काही बंधने आहेत. सातव्या दिवशी काढलेली नितळ अंडी आठवडाभर उष्णतेत राहिलेली असतात. ती बेकरीवाल्याला किंवा शेजाऱ्याला खाण्यासाठी विकणे ही फसवणूक आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणारे प्रेषित (स.) आपल्याला आठवले पाहिजेत. पिल्लात ऐब असेल तर गिऱ्हाईकाला आधी सांगा. आणि बदकाचे अंडे अमक्या रोगावर औषध आहे, असे सांगून भाव वाढवू नका.

आमची सूचना

ज्यांच्याकडे चार पैसे आहेत, त्या कारखानदार आणि व्यापारी बंधूंना आम्ही तीन गोष्टी सुचवतो. पहिली, कारागिराच्या घरात असे छोटे काम सुरू करून द्यायचे असेल तर कर्ज देऊ नका, मुजारबतीवर भांडवल द्या. दुसरी, अंडी देणाऱ्याशी कागदावर ठरवा की सातव्या दिवशी जी अंडी नितळ निघतील ती दोघांसमोर फोडून पाहू, आणि ज्यात जीव धरल्याची खूणच नाही त्यांचा तोटा देणाऱ्याचा. आमच्या शेतकऱ्याने तिसऱ्या खेपेपासून अंड्यामागे अंडे द्यायचे कबूल केले. वरच्या हिशेबात ते धरलेले नाही. प्रामाणिक माणूस ही अट मान्य करतो आणि जो मान्य करत नाही, त्याच्याकडून अंडी घेऊच नयेत. तिसरी, पहिल्या तीन खेपा तीस अंड्यांपेक्षा मोठ्या लावू देऊ नका. शिकण्याची फी छोटीच असावी आणि ती ज्याला परवडते त्याने भरावी.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कामासाठी एवढा कागद कशाला? आम्ही म्हणतो, कामे छोटी असतात म्हणूनच त्यांत गरिबाचा हक्क बुडतो. लाखाच्या गाठीच्या सौद्यात दलाल असतो, बिल असते, नमुना असतो, खराब माल परत जातो. साठ अंड्यांच्या सौद्यात यातले काहीच नसते. तिथे फक्त एक बाई असते, जी न फुटलेल्या अंड्यांची टोपली पाहून म्हणते की आमच्या हाताला बरकत नाही. तिच्या हातात बरकत होतीच. हिशेब मात्र तिला कोणी दाखवला नव्हता.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना हलाल रोजी देवो, आणि दुसऱ्याचा तोटा त्याच्या नशिबावर लिहिण्याआधी आपली वही तपासण्याची तौफिक देवो. आमीन.